वाइड अँगल लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब लावली की फोकस का मिळत नाही? समस्या आणि तिचे निवारण

कॅमेऱ्याला १८-५५ किंवा २४ मिमीची लेन्स, तिच्या मागे १२, २० आणि ३६ मिमीच्या संचातली एखादी ट्यूब, समोर रुईच्या झाडावर निवांत बसलेला निळा-पिवळा नाकतोडा आणि त्याच्या पाठीमागे उत्तरेला सातपुड्याची रांग, अशी सगळी जुळवाजुळव झाल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र नुसता रंगीत धुरळा दिसतो. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी काहीही स्पष्ट होत नाही. मी चोपडा तालुक्यात कापसावरचे आणि बांधावरचे कीटक टिपते, आणि दर वर्षी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हीच तक्रार घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे येते. बहुतेकांची खात्री झालेली असते की ट्यूब खराब निघाली. काहींनी ती परत केलेली असते, दुसरी मागवलेली असते आणि दुसरीनेही तेच केलेले असते. ट्यूब सहसा चांगलीच असते. दोष निवडलेल्या मापात असतो आणि तो पाच मिनिटांत तपासता येतो.

अशा छायाचित्राचा हट्ट धरावा का, हे आधी सांगते, कारण पुढचे सगळे उपाय त्याच्यावरच अवलंबून आहेत. १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सने काढलेल्या चित्रात कीटक सुरेख दिसतो, पण तो कापसावर आहे की कुंडीतल्या गुलाबावर, हे कळत नाही. मागे सपाट हिरवा किंवा तपकिरी रंग उरतो. वाइड अँगल लेन्सने जवळून काढलेल्या चित्रात ढालकिडा, त्याने ज्याच्यासाठी मुक्काम ठोकला तो पानामागचा मावा, कापसाची ओळ, शेवरीचे कुंपण आणि डोंगर हे सगळे एकाच चौकटीत येते. मित्रकीटक आपल्याच शेतात आहेत, हे शेतकऱ्याला पटवून द्यायला असे एक चित्र फार उपयोगी पडते. म्हणून या प्रकारात आपल्याला कीटक शक्य तितका मोठा करायचा नसतो, तर तो त्याच्या जागेसह दाखवायचा असतो. ही गोष्ट ध्यानात न घेता ट्यूब निवडली की घोटाळा सुरू होतो.

फोकस कुठे जातो

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ कडी. ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, आणि त्यामुळे लेन्सला अधिक जवळच्या वस्तूवर फोकस साधता येतो. किती जवळच्या, हे शाळेत शिकलेल्या भिंगाच्या सूत्रावरूनच निघते. लेन्सची फोकसची रिंग अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर ठेवली असेल, तर वस्तूचे अंतर हे नाभीय अंतर (लेन्सवर लिहिलेले मिमीचे माप) अधिक नाभीय अंतराचा वर्ग भागिले ट्यूबची लांबी इतके येते, आणि विशालन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, हे ट्यूबची लांबी भागिले नाभीय अंतर इतके मिळते.

१२ मिमीच्या ट्यूबसाठी हे गणित मांडून पाहावे. ५५ मिमीच्या लेन्सला वस्तू सुमारे ३०७ मिमीवर लागते, ३५ मिमीला १३७ मिमीवर, २८ मिमीला ९३ मिमीवर, २४ मिमीला ७२ मिमीवर आणि १८ मिमीला अवघ्या ४५ मिमीवर. १८ मिमीच्या लेन्सला ३६ मिमीची ट्यूब लावली तर हे अंतर २७ मिमी उरते, आणि १० मिमीच्या लेन्सला १२ मिमीची ट्यूब लावली तर जेमतेम १८ मिमी.

इथपर्यंत आकडे अडचणीचे वाटत नाहीत; ४५ मिमी म्हणजे साडेचार सेंटीमीटर, तेवढी जागा पुरेशी आहे असे कोणालाही वाटेल. पण हे अंतर लेन्सच्या समोरच्या काचेपासून मोजायचे नसते. ते लेन्सच्या एका काल्पनिक प्रतलापासून मोजायचे असते, आणि वाइड अँगल लेन्समध्ये ते प्रतल बहुतेक वेळा समोरच्या काचेच्या बरेच मागे, लेन्सच्या पोटात असते. समजा ते समोरच्या काचेच्या ४५ मिमी मागे आहे. मग २४ मिमीवर आपल्या हाती काचेपुढे २७ मिमी उरतात आणि १८ मिमीवर शून्य, म्हणजे वस्तू काचेला टेकली तरच ती स्पष्ट दिसेल. १० मिमीच्या लेन्समध्ये तर स्पष्ट दिसण्याची जागा थेट लेन्सच्या आत जाते, आणि तिथे कोणताही नाकतोडा बसू शकत नाही. फोकस हरवतो तो इथे. कॅमेरा, ट्यूब आणि लेन्स तिन्ही आपापले काम चोख करत असतात, फक्त फोकस जिथे पडतो तिथे वस्तू ठेवायला जागा नसते.

वरील सूत्र एकाच पातळ भिंगाचे आहे आणि आपल्या लेन्समध्ये दहा-बारा भिंगे असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडा फरक पडेल. ट्यूब कोणती घ्यावी हे ठरवण्यासाठी मात्र हे आकडे पुरेसे विश्वासार्ह ठरतात. खास याच कामासाठी बनवलेल्या लेन्सचीही या नियमातून सुटका नाही. लाओवाची १५ मिमी एफ ४ ही वाइड अँगल मॅक्रो लेन्स वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपते, पण त्या वेळी वस्तू आणि काच यांच्यात ५ मिमीहूनही कमी अंतर उरते.

आपल्या लेन्सची तपासणी

घरात, खिडकीजवळ, टेबलावर छापील कागद ठेवून ही तपासणी करावी, कारण शेतात वारा, ऊन आणि उडून जाणारा कीटक यांच्यामुळे कोणते कारण खरे हे कळत नाही. ऑटोफोकस बंद करावा. लेन्सवरचा फिल्टर आणि हूड काढावा. सर्वांत लहान ट्यूब एकटीच लावावी. लाइव्ह व्ह्यू सुरू करावा, झूम लेन्स असेल तर ती सर्वांत लांब टोकाला, म्हणजे ५५ मिमीवर न्यावी, फोकसची रिंग अनंतावर ठेवावी आणि कॅमेरा हातात धरून कागदाकडे हळूहळू सरकवावा. अक्षरे स्पष्ट होतील. मग झूम थोडा थोडा कमी करत ५० वर, ३५ वर, २८ वर, २४ वर यावे आणि प्रत्येक वेळी कॅमेरा पुन्हा सरकवून अक्षरे कुठे स्पष्ट होतात ते पट्टीने मोजावे. ज्या आकड्यावर काच आणि कागद यांच्यात अडीच-तीन सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर उरते, तिथे त्या ट्यूबची मर्यादा संपली असे समजावे. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. मी तो ट्यूबवरच पांढऱ्या पट्टीवर लिहिते, कारण शेतात वही काढायला सवड मिळत नाही.

या तपासणीत दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे रिंग जवळच्या टोकाला नेणे. जवळचे चित्र काढायचे म्हणून रिंगही जवळच्या खुणेवर हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ट्यूबने आधीच आपल्याला गरजेपेक्षा जवळ आणलेले असते आणि रिंग जवळ नेली की फोकस आणखी काचेच्या दिशेने सरकतो. रिंग अनंतावर ठेवल्यास काचेपुढे सर्वाधिक जागा मिळते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांची अडचण एवढ्या एका गोष्टीने सुटली आहे. दुसरी चूक म्हणजे लेन्सवर छापलेले ०.२५ मीटरसारखे अंतर समोरच्या काचेपासून मोजणे. ते सेन्सरपासून मोजलेले असते. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला वर्तुळातून आरपार गेलेल्या रेषेची बारीक खूण असते, तीच सेन्सरची जागा होय.

ट्यूबशिवाय आधी पाहावे

तपासणीत १२ मिमीची ट्यूबच मोठी ठरली तर पुढचा प्रश्न असा की खरोखर किती मिलिमीटरची वाढ हवी आहे. माझा अनुभव असा की कीटक त्याच्या परिसरासह दाखवायला ०.२ ते ०.३ एवढे विशालन भरपूर होते. क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) रुंदी साधारण २२ ते २४ मिमी असते; ०.२५ विशालनाला चौकटीत सुमारे ९ सेंटीमीटर रुंदीचा भाग येतो, आणि पाच-सहा सेंटीमीटरचा रुईवरचा नाकतोडा किंवा प्रार्थना कीटक त्यात डौलात बसतो. २४ मिमीच्या लेन्सला ०.२५ विशालनासाठी फक्त ६ मिमीची ट्यूब पुरते. १२ मिमीची ट्यूब तिला एकदम ०.५ वर नेते. १८ मिमीला तर साडेचार मिमीच हवी. बाजारातल्या नेहमीच्या संचातली सर्वांत लहान ट्यूबही वाइड अँगल लेन्सला दुप्पट मोठी असते. संच बनवताना ५० मिमी आणि त्यापुढच्या लेन्स डोळ्यांसमोर असतात, आणि त्या लेन्सला तो उत्तम लागू पडतो.

म्हणून लहान ट्यूब शोधावी. निकॉनची जुनी पीके-११ए ही ट्यूब ८ मिमीची आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या संचात बहुधा १० आणि १६ मिमीच्या ट्यूब असतात. मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्यांना याहून चांगला मार्ग आहे. जुनी हाताने फोकस करायची २४ किंवा २८ मिमीची लेन्स आणि हेलिकॉइड असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा. हा अ‍ॅडॅप्टर फिरवला की लेन्स शून्यापासून काही मिलिमीटरपर्यंत हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे दोन मिमी हवे तर दोन आणि पाच हवे तर पाच मिळतात, आणि अनंतावरचा फोकसही हातचा जात नाही. त्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) रिंग असल्याने विजेच्या संपर्काचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स जोडणाऱ्या धातूच्या टोकांचा प्रश्नही उद्भवत नाही. मला विचारल्यास या कामावर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा.

क्लोजअप फिल्टरचाही, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या भिंगाचाही विचार करावा, विशेषतः क्रॉप सेन्सर आणि किट लेन्स असलेल्यांनी. +१० शक्तीच्या फिल्टरचे नाभीय अंतर १०० मिमी असते, म्हणून लेन्स अनंतावर ठेवल्यास वस्तू फिल्टरपासून १०० मिमीवर स्पष्ट दिसते, आणि २४ मिमीच्या लेन्सला त्यातून ०.२४ विशालन मिळते. जवळजवळ ६ मिमीच्या ट्यूबएवढेच हे काम झाले. एका भिंगाच्या स्वस्त फिल्टरने कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि कोपरे पसरट होतात, हा त्याचा मोठा दोष. मधला भाग मात्र वापरण्याजोगा राहतो.

आणि मुळात आपली लेन्स ट्यूबशिवाय किती जवळ जाते, हेही तपासावे. सिग्माच्या जुन्या २४ मिमी एफ १.८ लेन्सचा फोकस १८ सेंटीमीटरपर्यंत येतो आणि ती १:२.७, म्हणजे सुमारे ०.३७ विशालन देते, म्हणजे आपल्या गरजेपेक्षा जास्तच. अशी लेन्स हाती असेल तर ट्यूब घरीच ठेवावी.

रिंग फिरते पण काही बदलत नाही, किंवा चित्र काळे येते

फोकस मापामुळे नव्हे, तर ट्यूबमध्ये विजेचे संपर्क नसल्यामुळे अडला असेल, तर लक्षणे वेगळी असतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी शून्य किंवा आडव्या रेषा दिसतात. अनेक नव्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या एसटीएम लेन्समध्ये, फोकसची रिंग आतल्या मोटरला फक्त आज्ञा देते. वीज पोहोचली नाही तर रिंग कितीही फिरवली तरी भिंग जागचे हलत नाही. लेन्स काढताना ते भिंग जिथे होते तिथेच राहते. म्हणून बिनसंपर्काच्या ट्यूबवर अशी लेन्स चढवण्यापूर्वी ती कॅमेऱ्यावर असतानाच दूरच्या डोंगरावर फोकस करून घ्यावी आणि मग काढावी.

अ‍ॅपर्चरचेही असेच आहे. कॅननच्या ईएफ लेन्सचे अ‍ॅपर्चर वीज नसताना पूर्ण उघडे राहते, त्यामुळे नाकतोड्याचा एक डोळा स्पष्ट आणि बाकी सगळे धूसर असे चित्र येते. लेन्स कॅमेऱ्यावर असताना एफ ११ ठेवून, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचे (अ‍ॅपर्चर आधीच लहान करून दाखवणारे) बटण दाबून धरून तशाच स्थितीत लेन्स काढली तर अ‍ॅपर्चर एफ ११ वरच थांबते. निकॉनच्या रिंग नसलेल्या जी प्रकारच्या लेन्समध्ये नेमके उलटे घडते. सुटी झाली की अ‍ॅपर्चर सर्वांत लहान होते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार पडतो. लेन्सच्या मागची छोटी दांडी जाड कागदाच्या तुकड्याने हवी तेवढी सरकवून अडवता येते, पण हे काम किचकट आहे आणि शेतात ते माझ्याच्याने कधी नीट झाले नाही. संपर्क असलेली ट्यूब थोडी महाग पडते, पण या वैतागातून कायमची सुटका होते.

संपर्क असूनही मध्येच शून्य दिसू लागले तर पितळी टोकांवर धूळ बसली आहे असे समजावे आणि ती कोरड्या मऊ कापडाने पुसावीत. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात आपल्या भागात कुठेही शिरते.

वस्तूवर पडणारी सावली

फोकस मिळाल्यानंतर लगेच दुसरी समस्या येते, आणि खानदेशात तिचे रूप जागेप्रमाणे बदलते. काच आणि कीटक यांच्यात तीन सेंटीमीटर असताना लेन्स स्वतःच छत्रीसारखी त्याच्यावर धरलेली असते. कीटक काळवंडतो, मागचा डोंगर लखलखतो, आणि कॅमेऱ्याच्या मीटरला दोघांपैकी एकालाच न्याय देता येतो.

चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुडा उत्तरेला आहे. डोंगर मागे हवा म्हणून आपण उत्तरेकडे तोंड करतो आणि सूर्य पाठीशी येतो. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंश उंचीवर असतो, त्यामुळे आपली, कॅमेऱ्याची आणि लेन्सची सावली नेमकी उत्तरेला, म्हणजे कीटकावरच पडते. हिवाळ्यात दुपारी या दिशेने काम करण्यात अर्थ नाही. सकाळी सूर्य आग्नेयेकडून उगवतो, तेव्हा प्रकाश उजव्या बाजूने आणि किंचित पाठीमागून येतो. सूर्य वर आल्यानंतरचा पहिला दीड तास मला सर्वांत फलदायी वाटतो. शिवाय थंडीने आणि दवाने कीटक त्या वेळी सुस्त असतात, आणि तीन सेंटीमीटरवर आणलेली काच सहन करतात.

मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन्हींच्या मधल्या दिवसांत मध्यान्ही तो किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत सावली सरळ खाली पडते, म्हणून कॅमेरा जमिनीलगत ठेवून थोडे वर पाहत काढलेले चित्र सावलीतून वाचते. मृगाचे लाल मखमली किडे पहिल्या पावसानंतर जमिनीवर येतात तेव्हा ढगाळ आकाश असते आणि सावलीचा प्रश्नच मिटतो. वर्षातून थोडेच दिवस मिळणारी ही संधी सोडू नये.

चाळीसगावकडे चित्र उलट आहे. पाटणादेवीच्या परिसरात डोंगर दक्षिणेला आहेत. तिथे डोंगर मागे घेऊन काढताना हिवाळ्यात सूर्य समोर येतो. लेन्सची सावली पडत नाही, पंख आणि पाकळ्या उजळून निघतात, पण थेट प्रकाश काचेवर येऊन चित्र फिके होण्याचा धोका वाढतो. हूड लावता येत नाही, कारण तो कीटकाला धडकतो. म्हणून काचेवर पडणारे ऊन आपल्या टोपीने अडवावे.

सावलीत भरणा करण्यासाठी मी वहीच्या आकाराचा पांढरा थर्माकोलचा तुकडा वापरते, तो लेन्सच्या खाली आणि थोडा पुढे धरते. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशचा प्रकाश लेन्सनेच अडतो, म्हणून फ्लॅश वापरायचा तर तो वायरीने सोडवून बाजूला, पांढऱ्या कापडातून किंवा कागदातून गाळून आणि कमी शक्तीवर वापरावा. लेन्स निवडतानाही तिचे तोंड किती रुंद आहे हे पाहावे. ७७ मिमी फिल्टर बसणारी भारी लेन्स इथे ४९ किंवा ५२ मिमीच्या साध्या लेन्सपेक्षा वाईट ठरते, कारण तिची सावली मोठी पडते आणि ती कापसाच्या फांद्यांमध्ये शिरत नाही. फिल्टर काढल्यावर त्याच्या कड्याच्या जाडीचे चार-पाच मिलिमीटरही परत मिळतात, आणि जिथे एकूण जागाच २५ मिमी आहे तिथे ते मोलाचे असतात. फिल्टर काढल्यावर काच उघडी पडते, तेव्हा बाभूळ, बोर आणि निवडुंग यांच्याजवळ जाताना मात्र तो परत लावावा.

एफ १६ ठेवूनही डोंगर धूसरच

ही तक्रार ऐकली की मी आधी विशालन विचारते. दूरच्या पार्श्वभूमीतला एक ठिपका सेन्सरवर किती मोठे वर्तुळ होऊन पसरतो, हे सहज काढता येते: नाभीय अंतराला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागावे आणि विशालनाने गुणावे. २४ मिमी, एफ ११ आणि ०.५ विशालन असेल तर ते वर्तुळ सुमारे १.१ मिमीचे होते. विशालन ०.२ वर आणले तर ते ०.४४ मिमी होते. तुलनेसाठी, १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सने एफ ११ आणि ०.५ वर ते साडेचार मिमीचे होते, म्हणूनच तिथे डोंगराचा फक्त रंग उरतो. ३६ मिमी रुंदीच्या फुल फ्रेम सेन्सरवर १.१ मिमीचे वर्तुळ म्हणजे सातपुड्याची कड ओळखता येईल, पण झाडे वेगळी दिसणार नाहीत; ०.४४ मिमीला झाडांचे पुंजके आणि घळी जाणवू लागतात.

म्हणजे पार्श्वभूमी स्पष्ट हवी असेल तर अ‍ॅपर्चर एफ ११ वरून एफ २२ वर नेण्यापेक्षा ट्यूब लहान करणे किंवा दोन-तीन सेंटीमीटर मागे येणे अधिक शहाणपणाचे आहे. एफ २२ वर प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना पसरण्याने) सगळेच चित्र मऊ पडते. शिवाय लेन्स पुढे सरकल्याने ०.५ विशालनाला प्रकाशही साधारण एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने कमी होतो. कॅमेऱ्याचा मीटर ती भरपाई आपोआप करतो, पण शटर स्पीड त्या प्रमाणात खाली येतो आणि वाऱ्यात हलणाऱ्या फांदीवर त्याची किंमत मोजावी लागते. मी क्रॉप सेन्सरवर एफ ११ च्या पुढे क्वचितच जाते. वारा सुटला की कापसाचे शेत सोडून केळीच्या बागेत शिरते, कारण शेवरीच्या कुंपणाआड हवा बरीच शांत असते.

कोपरे पसरट दिसत असतील तर ते स्वीकारावे लागते. वाइड अँगल लेन्सची रचना दूरच्या दृश्यासाठी केलेली असते आणि ट्यूबने तिला त्या रचनेबाहेर नेले की सर्वांत आधी कोपरे बिघडतात. कीटक मध्याच्या जवळ ठेवावा आणि कोपऱ्यांत आकाश किंवा माती येऊ द्यावी. पानाच्या मागची पांढरी माशी किंवा तुडतुडे अशा सपाट विषयांसाठी ही पद्धत वापरूच नये. तिथे मॅक्रो लेन्सच हवी.

मधोमध पांढुरका डाग

चित्राच्या मध्यभागी धुक्यासारखा उजळ पट्टा येत असेल आणि तो अ‍ॅपर्चर लहान केल्यावर अधिक ठळक होत असेल, तर ट्यूबची आतली भिंत चमकदार आहे. उजळ आकाश चौकटीत असते, त्याचा प्रकाश भिंतीवर आपटून सेन्सरवर येतो. ट्यूब कॅमेऱ्यावरून काढून उजेडाकडे धरावी आणि तिच्यातून तिरके पाहावे. भिंत चकाकली तर आत मऊ काळा मखमली कागद चिकटवावा. संपर्कांची तार आणि लेन्सची मागची बाजू अडणार नाही एवढी काळजी घ्यावी, आणि कागदाचे तंतू सुटत नाहीत याची खात्री करावी, कारण ते सेन्सरवर जाऊन बसतात.

याउलट आकाशात बारीक काळे ठिपके दिसत असतील आणि ते प्रत्येक चित्रात त्याच जागी असतील, तर ती सेन्सरवरची धूळ आहे. ती मोठ्या अ‍ॅपर्चरला लपते आणि एफ ११ ला उघडी पडते. या कामात लेन्स आणि ट्यूब वारंवार काढाव्या लागतात, म्हणून ही तक्रारही वारंवार येते. मी निघतानाच घरून ट्यूब चढवून निघते. शेतात बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, त्याचे तोंड जमिनीकडे करून, वाऱ्याकडे पाठ फिरवून, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बदलते.

तीन सेंटीमीटर हे अंतर प्रत्येक जीवाला मानवत नाही. नाकतोडा, ढालकिडा, अळी आणि थंडीतली फुलपाखरे जवळ येऊ देतात. गांधीलमाशीचे पोळे, आग्या माश्या, विंचू आणि सातपुड्याच्या पायथ्याला दगडांखाली सापडणारे फुरसे यांच्यापुढे वाइड अँगल लेन्स नेऊ नये. त्यांच्यासाठी लांब लेन्स आणि भरपूर अंतर. जवळ जाताना कॅमेरा समोरून न नेता खालून आणि हळू न्यावा, फांदीला हात लावू नये, आणि काच कीटकापासून एका तळहाताएवढ्या अंतरावर असताना थोडा वेळ थांबावे. त्याने मिशा हलवणे थांबवले आणि पुन्हा पान कुरतडायला सुरुवात केली, की उरलेले अंतर कापावे.